माती ओली, तरी झाडानं मान टाकलेली: कोल्हापुरातल्या कुंड्यांचं मोसमवार निदान

वर्षातून दोनदा एकच तक्रार कानावर येते. एकदा जुलैत, पुनर्वसूची झड लागून आठ-दहा दिवस झाले की, आणि दुसऱ्यांदा ऑक्टोबरच्या मध्यावर, पाऊस जाऊन ऊन चटकायला लागलं की. जास्वंद, मोगरा, कढीपत्ता, लिंबू यांची पानं पिवळी पडून गळतात, शेंडे मान टाकतात. दोन्ही वेळा उपायही एकच होतो: तांब्याभर पाणी आणि मूठभर खत. जुलैत त्या पाण्यानं झाड जातं आणि ऑक्टोबरात त्या खतानं.

गोंधळ होतो कारण जास्त पाण्याचं आणि कमी पाण्याचं लक्षण वरून सारखंच दिसतं. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीतल्या पोकळ्या पाण्यानं भरल्या की मुळं गुदमरतात, पाणी ओढणं बंद करतात, आणि पाण्यात उभं असलेलं झाड तहानेनं सुकतं. म्हणून पान बघून पाणी घालायचं नाही. आधी मातीच्या आत काय चाललंय ते बघायचं.

आधी निदान, मग तांब्या

बांबूची बारीक, लांब, कोरडी काडी घ्या. खोडापासून तीन-चार इंच दूर, मातीत चार इंच खोल खुपसा आणि पाच मिनिटं राहू द्या. काडी ओली, काळपट आणि मातीचे कण चिकटलेली निघाली तर पाणी घालायचं नाही. कोरडी ठणठणीत निघाली तर घालायचं. काडी आतच जात नसेल तर तो वेगळा आजार आहे, त्याच्याकडे पुढे येऊ.

नंतर कुंडी एका बाजूनं उचलून बघा. पाणी घातल्यावरचं वजन एकदा हाताला कळलं की आठ-दहा इंची कुंडीसाठी दुसरं यंत्र लागत नाही. बाजारात मिळणारी दोन सुयांची ओलावा-मापकं खतातल्या क्षारांनी फसतात, तेव्हा त्यांच्यापेक्षा काडी बरी.

पानांकडे यायचं ते तिसऱ्या पायरीला. पान मऊ पडून पिवळं झालंय, माती ओली आहे आणि कुंडीच्या तळाच्या छिद्राशी नाक नेलं तर गटारासारखा वास येतो: मुळं कुजताहेत. पानाच्या कडा कुरकुरीत तपकिरी, माती कुंडीच्या काठापासून सुटलेली: पाणी कमी पडतंय. फक्त शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या: पाण्याचं प्रमाण बरोबर असेल, पण पाणी जड, म्हणजे क्षारांचं आहे. फक्त खालची जुनी पानं एकसारखी पिवळी: नत्र संपलंय. खताचा प्रश्न येतो तो फक्त इथं.

उन्हाळ्यात दुपारी दोनला पानं लोंबलेली दिसली तर घाबरून पाणी ओतू नका. मुळं ओढतात त्यापेक्षा पानांतून जास्त उडून जातं, एवढंच. सूर्य मावळल्यावर तासाभरात झाड ताठ झालं तर ते ठीक आहे. रात्री किंवा पहाटेही तसंच लोंबत असेल तर मात्र काडी घ्या.

मातीचा गोळा: सगळ्यात जास्त झाडं यानंच जातात

कोल्हापूर दोन मातींच्या मधोमध आहे. पन्हाळा-गगनबावड्याकडे तांबडी, जांभ्याची. शिरोळ-हातकणंगल्याकडे काळी, चिकण. रोपवाटिकेतलं रोप पिशवीतून फाडून काढलं की मुळांभोवती बहुतेक वेळा विटेसारखा घट्ट चिकण मातीचा गोळा असतो. काडी आत जात नाही ती यामुळेच. तो तसाच कुंडीत बसवून भोवती भुसभुशीत कोकोपीट आणि गांडूळखत भरलं, की पुढच्या वर्षभराच्या तक्रारीची सोय झाली.

चिकण माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. एप्रिलमध्ये गोळा एकदा पूर्ण सुकला की त्याच्याभोवती फट पडते. वरून पाणी घातलं की ते त्या फटीतून सरळ खाली जातं आणि दहा सेकंदांत छिद्रातून बाहेर पडतं. घरच्यांना वाटतं, पाणी पोटभर झालं. वरची दोन बोटं माती ओली, भोवतीचं कोकोपीट ओलं, आणि मधला गोळा फोडून बघितला तर आत तपकिरी कोरडी माती, हातानं चुरली तर पीठ उडेल अशी. पावसाळ्यात हाच गोळा उलटा वागतो. एकदा चिंब झाला की आठवडाभर पाणी सोडत नाही.

तात्पुरता उपाय: मोठ्या टबात कुंडीच्या दोन-तृतीयांश उंचीपर्यंत पाणी घेऊन त्यात कुंडी उभी करा. बुडबुडे यायला लागतील. ते थांबेपर्यंत, साधारण वीस ते चाळीस मिनिटं, तशीच ठेवा, मग उचलून निथळू द्या. कुंडी उचलण्यासारखी नसेल तर पंधरा-पंधरा मिनिटांच्या अंतरानं तीनदा अर्धा-अर्धा लिटर पाणी सावकाश घाला. एकदम दीड लिटर ओतण्याचा उपयोग नाही, ते फटीतूनच जाईल. माती भिजल्यावर लांब स्क्रू-ड्रायव्हरनं खोड सोडून सहा-आठ भोकं पाडा आणि त्यात चाळलेलं गांडूळखत भरा.

कायमचा उपाय कुंडी बदलण्याचाच. पावसाआधी, मेच्या शेवटच्या आठवड्यात संध्याकाळी, किंवा पाऊस जाताना सप्टेंबरअखेर. रोप पिशवीतून काढल्यावर गोळा अर्धा तास पाण्यात ठेवा आणि बाहेरची एक-तृतीयांश माती बोटांनी हलकेच सोडवून घ्या. मिश्रण असं: लाल माती किंवा पोयटा दोन भाग, कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत एक भाग, कोकोपीट अर्धा भाग, चाळलेला बारीक मुरूम किंवा विटांचा चुरा एक भाग. बारा इंची कुंडीला पन्नास ग्रॅम निंबोळी पेंड. कुंडी पत्र्याखाली, पावसापासून आडोशाला राहणार असेल तर कोकोपीट एक भाग आणि मुरूम अर्धा भाग करा. शेणखत पूर्ण कुजलेलं हवं. हातात घेतल्यावर गरम लागलं किंवा शेणाचा वास आला तर ते अजून महिनाभर ढिगातच राहू द्या.

तळाला खडी घालायची जुनी सवय सोडून द्यायला हरकत नाही. बारीक मातीतलं पाणी जाड खडीत सहज उतरत नाही, ते खडीच्या वर, मातीच्या थरात अडून बसतं. म्हणजे मुळांना मिळणारी जागा तीन इंचांनी कमी झाली आणि चिखल तेवढाच वर आला. छिद्रावर नायलॉन जाळीचा तुकडा किंवा खापरीचा एक बाकदार तुकडा पालथा ठेवला की पुरे.

मृगापासून पुढे

कोल्हापूर शहरात वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो, गगनबावड्याला त्याच्या कित्येक पट. पण कुंडीच्या दृष्टीनं मिलिमीटरपेक्षा ऊन न दिसलेले दिवस मोजायचे. एका दिवसात साठ मिलिमीटर पडून दुसऱ्या दिवशी ऊन आलं तर कुंडीचं काही बिघडत नाही. रोज पाच-सात मिलिमीटरची भुरभुर, वर आभाळ गच्च, असं दहा दिवस चाललं की मुळकूज सुरू होते.

पहिला पाऊस लागण्याआधी करायची कामं थोडी आहेत, पण ती चुकवू नयेत. कुंड्या फरशीवर थेट बसलेल्या असतात. तळ आणि फरशी यांच्यात पाण्याचा पापुद्रा धरला की छिद्र असूनही नसल्यासारखं. प्रत्येक कुंडीखाली विटेचे तीन तुकडे द्या, दोन इंच फट राहील असे. छिद्रात जाड तार घालून फिरवा, तिथं हमखास मुळं आणि चिखल गच्च बसलेला असतो. मग तपासणी: ओलसर मातीवर एक लिटर पाणी घाला. मिनिटभरात वरून दिसेनासं झालं आणि दोन-तीन मिनिटांत खालून ठिबकायला लागलं तर कुंडी पावसाला तयार. पाच मिनिटांनंतरही वर तळं असेल तर ती कुंडी जुलैत दगा देणार.

खालच्या थाळ्या जूनमध्ये उचलून ठेवा. साठलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास आठवड्याभरात अंडं ते डास हा प्रवास पूर्ण करतो. थाळी ठेवायचीच असेल तर आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा आणि नुसतं पाणी ओतून न देता थाळी घासून घ्या, अंडी कडेला चिकटलेली असतात.

वळचणीखालच्या कुंड्या हलवा. पत्र्याच्या पागोळ्यांचं पाणी एकाच जागी पडून माती खणून काढतं आणि मुळं उघडी पडतात. अडेनियम, कोरफड, निवडुंग यांना जून ते सप्टेंबर छप्पर हवंच.

आता उलटी बाजू, जी बहुतेकांच्या लक्षात येत नाही: भर पावसातही कुंडी कोरडी राहू शकते. दाट जास्वंद किंवा कढीपत्ता छत्रीसारखं काम करतो, पाणी पानांवरून कुंडीच्या बाहेर पडतं. गॅलरीतल्या कुंडीला पश्चिमेचा वारा लागतो, पाऊस लागत नाही. हिशेब सोपा आहे. बारा इंची कुंडीचं तोंड साधारण सातशे चौरस सेंटिमीटर. दहा मिलिमीटर पाऊस पडला तर तिच्यात उतरतं पाऊण लिटरलाही थोडं कमी पाणी. एप्रिल-मेमधला वळीव असाच फसवतो: ढग गडगडतात, गारा पडतात, अंगण वाहतं, आणि कुंडीत पडलेलं असतं पाच मिलिमीटर, म्हणजे साडेतीनशे मिली. मोठ्या कुंडीची रोजची गरज त्याच्या चौपट-पाचपट. वळीव झाला म्हणून दुसऱ्या दिवशीचं पाणी चुकवू नका, काडी घालून बघा.

मूळ कुजलंच असेल तर

कुंडी आडवी करून झाड मातीसकट बाहेर काढा. चांगलं मूळ पांढरट आणि टणक असतं. कुजलेलं तपकिरी, आणि चिमटीत धरून ओढलं तर वरची साल सुटून हातात येते, आत दोऱ्यासारखी शीर राहते. असं प्रत्येक मूळ स्वच्छ कात्रीनं टणक भागापर्यंत कापा, दर झाडानंतर पातं स्पिरिटनं पुसा. खालची चिखल झालेली माती टाकून द्या, ती दुसऱ्या कुंडीत नको. उरलेला गोळा वर्तमानपत्रावर सावलीत तीन-चार तास ठेवा, कागद पाणी शोषून घेतो.

जेवढी मुळं कापली, साधारण तेवढ्याच प्रमाणात फांद्या छाटा. नंतर मोठ्या नव्हे, लहान कुंडीत लावा. मुळं कमी असताना मोठी कुंडी दिली तर रिकामी माती ओलीच राहते आणि कूज परत येते. लावल्यावर ट्रायकोडर्मा पाच ग्रॅम प्रतिलिटर, असं अर्धा लिटर पाणी द्या. त्याऐवजी कॉपर ऑक्सिक्लोराइड अडीच ते तीन ग्रॅम प्रतिलिटर देता येतं, पण दोन्ही एकदम देऊ नका. ट्रायकोडर्मा ही जिवंत बुरशी आहे आणि तांबं तिला मारतं. दोन्हींत किमान पंधरा दिवसांचं अंतर हवं. तांब्याचं औषध हाताळताना हातमोजे घाला.

मग झाड पावसाच्या आड, उजेडात पण उन्हात नाही, दहा-बारा दिवस. नवी पानं येईपर्यंत खत नाही. दोन-तृतीयांशपेक्षा जास्त मुळं गेली असतील तर झाडाचा नाद सोडून कलमं घ्या: जास्वंद आणि मोगऱ्याच्या सहा इंची, बऱ्यापैकी पक्व फांद्या या हवेत सहज फुटतात. कढीपत्त्याच्या फांद्या लागणं अवघड, त्याच्या बुंध्याजवळ आलेली पिल्लं मुळासकट काढून लावा.

ऑक्टोबरचा फटका

हस्त संपून चित्रा लागली की आकाश एकदम मोकळं होतं. दुपारचं ऊन मार्च महिन्यासारखं लागतं, पण हाताला पाणी घालायची सवय राहिलेली नसते. त्यात चार महिन्यांच्या पावसानं मातीचा वरचा थर ठोकून घट्ट केलेला, खालची बारीक मुळं अर्धी गेलेली, आणि पानं मात्र पावसाळी, मोठी, लुसलुशीत. एवढी पानं पोसायला मुळं पुरत नाहीत. इथं लोक दसऱ्या-दिवाळीच्या तोंडावर युरिया किंवा मिश्र खत टाकतात, आणि कोरड्या मातीत ते उरलेली मुळं भाजून काढतं.

करायचं ते एवढंच: खुरप्यानं वरची एक इंच माती मोकळी करा, मुळं तोडू नका. पहिल्या दिवशी भरपूर पाणी, दुसऱ्या दिवशी बारा इंची कुंडीला अडीचशे ग्रॅम गांडूळखत, आणि पुढचे पंधरा दिवस रोज काडी. लांबलेल्या कोवळ्या फांद्या एक-चतुर्थांश छाटा. गुलाबाची छाटणी याच दिवसांत उरकून घ्यावी.

हिवाळा, आणि तुळशीचा प्रश्न

नोव्हेंबर ते जानेवारी पाणी दोन-तीन दिवसांतून एकदा, सकाळी आठ-नऊला. संध्याकाळी घातलेलं पाणी रात्रभर थंड राहतं आणि पानांवर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी येते. भुरी आलीच तर पाण्यात मिसळणारं गंधक दोन ग्रॅम प्रतिलिटर फवारा, पण ऊन तापलेलं असताना नाही, पान करपतं.

तुळस थंडीत झडते ती काही अंशी वयानं आणि थंडीनं, बरीचशी मात्र भक्तीनं. बऱ्याच वृंदावनांना तळाला छिद्र नसतं, आणि घरातली तीन माणसं आंघोळ करून तीन तांबे पाणी घालतात. उपाय पूजेला धक्का न लावता होतो: वृंदावनात तुळस छिद्राच्या आठ इंची कुंडीसकट ठेवा, खाली दोन विटा द्या, आणि पाणी पळीनं घाला. मंजिऱ्या वाळण्याआधी खुडत राहा, बी धरलं की झाड आवरतं घेतं. पिकलेल्या मंजिऱ्यांचं बी फेब्रुवारीच्या शेवटी पेरलं तर पावसाळ्याआधी नवी रोपं तयार असतात.

उन्हाळा: किती, कधी

आठ इंची कुंडीला सहाशे ते सातशे मिली, बारा इंचीला दीड ते दोन लिटर. तळातून थोडं पाणी बाहेर येईपर्यंत घालायचं. सकाळी साडेसातच्या आत. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं आणि उन्हातल्या पाइपमधलं पाणी दुपारी हात पोळेल इतकं तापतं, म्हणून संध्याकाळी घालायचं झालं तर पाइपमधलं आधी बादलीत सोडून द्या.

आच्छादनासाठी उसाच्या पाचटाइतकी स्वस्त वस्तू आपल्याकडे दुसरी नाही. बोटभर तुकडे करून दोन इंच थर द्या, खोडाभोवती दोन इंच जागा मोकळी ठेवा. मृग लागायच्या आधी ते काढून कंपोस्टमध्ये टाका, नाहीतर त्याखाली गोगलगायी मुक्कामाला येतात.

अंगणात जमिनीत लावलेल्या झाडांचं आळं उन्हाळ्यात राखा आणि जूनमध्ये फोडा. हीच माती खोडाशी ओढून भर द्या, म्हणजे पाणी बाहेर पळेल. पपईला तर एक फूट उंच वरंबाच हवा, तिच्या बुंध्यात दोन दिवस पाणी साचलं तरी ती आडवी होते.

बोअरचं पाणी वापरणाऱ्यांच्या कुंड्यांवर फेब्रुवारी-मार्चपर्यंत पांढरा खर धरतो. आकाशाखालच्या कुंड्या पावसात धुऊन निघतात, गॅलरीतल्या नाहीत. अशा कुंडीतून वर्षातून दोनदा, कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट पाणी सावकाश जाऊ द्या, बारा इंचीला पंचवीस-तीस लिटर. गच्चीचं पावसाचं पाणी साठवलेलं असेल तर उत्तम. शिरा हिरव्या आणि पान पिवळं असेल तर चिलेटेड लोह एक ग्रॅम प्रतिलिटर, दहा दिवसांच्या अंतरानं दोनदा फवारा. एप्सम सॉल्ट इथं चालत नाही, ते जुन्या पानांच्या शिरांमधल्या पिवळेपणावर.

ठिबक बसवूनही काही कुंड्या सुकतात

ड्रिपरवर, म्हणजे ठिबकच्या तोटीवर, लिहिलेले ताशी चार लिटर हे दहा मीटर उंचीच्या दाबाला असतात. गच्चीवरची टाकी कुंड्यांपेक्षा जेमतेम अडीच मीटर वर असते, आणि तेवढ्या दाबाला साधा ड्रिपर निम्मंच, ताशी दोन लिटर देतो. दाब सांभाळणारा महाग ड्रिपर तर इतक्या कमी दाबाला नीट चालतच नाही, तो घेऊ नका. टायमर घेतानाही बॉल व्हॉल्व्हचा घ्या, सोलेनॉइडचा कमी दाबाला उघडत नाही. टाकीच्या तोंडाशी जाळीचा फिल्टर लावा आणि पंधरा दिवसांनी धुवा.

मार्चच्या सुरुवातीला प्रत्येक ड्रिपरखाली एक-एक लिटरची रिकामी बाटली लावून अर्धा तास पाणी सोडा. वरच्या हिशेबानं बाटली भरायला हवी. जी अर्ध्याच्या खाली राहिली तिचा ड्रिपर काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवा, सकाळी टाचणीनं न टोकरता उलट्या बाजूनं पाणी मारा, आणि तीच बाटली परत लावून बघा.